टिपणवहीची साक्ष : वासिली ग्रोसमन ह्यांचे जीवन व लेखन

स्टालिनग्राड हे नाव मराठी मुलखात पोहोचले ते वृत्तपत्रांतील तारांबरोबर एका पोवाड्यानेही. अण्णा भाऊ साठे ह्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्टालिनग्राडचा पोवाडा रचिला, आणि व्होल्गेकाठच्या त्या नगरीचा झगडा मुंबईच्या कामगारास आपल्या शेजारच्या चाळीत घडत असल्यासारखा वाटावा इतक्या जवळ आणून ठेवला. पोवाड्यास वीर हवा, शत्रू हवा आणि विजय हवा. ह्या तिन्ही गोष्टी स्टालिनग्राडने भरपूर पुरविल्या. त्याच दिवसांत त्या नगरीच्या तळघरांतून व खंदकांतून एक चष्मा लावलेला, चाळिशीच्या आतबाहेरचा वार्ताहर हिंडत होता. तो विजय पाहत होता तसेच आणखीही पुष्कळ काही पाहत होता. आणि त्यातील जे छापता येणार नाही, तेही आपल्या वहीत उतरवून ठेवीत होता. ह्या वार्ताहराचे नाव वासिली ग्रोसमन.

गॉर्की, शोलोखोव्ह, ऑस्त्रोव्स्की ही नावे आमच्या पिढीतील वाचकांस परिचित आहेत. ग्रोसमन ह्यांचे नाव त्या मानाने कमी परिचित, आणि त्यास कारणही तसेच घडले. त्यांचा मुख्य ग्रंथ त्यांच्या हयातीत प्रसिद्ध होऊच शकला नाही. त्यांच्या जीवनाचा वृत्तांत पाहिला म्हणजे छापण्यास परवानगी असलेले सत्य आणि वहीत राहिलेले सत्य ह्यांमधील अंतराचाच तो इतिहास आहे, असे आम्हांस वाटते. हे अंतर त्यांनी कसे ओळखले, त्यात ते स्वतः कोठे चुकले आणि अखेरीस ते कसे भरून काढले, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

ग्रोसमन ह्यांचा जन्म १२ डिसेंबर १९०५ रोजी युक्रेनमधील बेर्दिचेव ह्या गावी झाला. हे गाव त्या काळी ज्यू लोकांच्या दाट वस्तीसाठी प्रसिद्ध होते. घराणे ज्यू, परंतु धर्माचाराचे फारसे बंधन न पाळणारे आणि रशियन भाषेत वाढलेले. वडील रसायनतज्ज्ञ अभियंते होते. आई येकातेरिना साव्हेल्येव्हना फ्रेंच भाषा शिकवीत असत. आईवडील विभक्त झाल्यावर मुलगा मुख्यतः आईच्या सान्निध्यात वाढला. १९२९ साली मॉस्को विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी घेऊन त्यांनी दोनेत्स खोऱ्यातील कोळशाच्या खाणींच्या भागात काम केले. पुढे मॉस्कोस परतून ते एका पेन्सिलींच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ म्हणून लागले. प्रयोगशाळेत दिसेल ते, आवडो वा न आवडो, नोंदवावे लागते. ती सवय त्यांच्या पुढील लेखनात उतरली, असे म्हणावयास हरकत नाही.

१९३४ साली ‘बेर्दिचेव गावात’ ही त्यांची कथा प्रसिद्ध झाली. यादवी युद्धाच्या धामधुमीत लाल सैन्यातील एका स्त्री कमिसारास दिवस जातात. प्रसूतीपुरती तिला एका गरीब ज्यू कारागिराच्या घरी ठेवतात. तेथील गजबजलेल्या, लेकुरवाळ्या संसारात तिला मातृत्वाची ओळख पटते, आणि तरीही शेवटी तान्ह्या मुलास तेथेच ठेवून ती सैन्याच्या मागे धावते. कथा लहान, परंतु कमिसारबाईंच्या निष्ठेस आणि कारागिराच्या संसारास लेखकाने सारखाच मान दिला आहे. गॉर्कींनी ह्या तरुण लेखकास उत्तेजन दिले आणि बाबेल व बुल्गाकोव्ह ह्यांच्यासारख्या चोखंदळ लेखकांनीही ह्या कथेचे कौतुक केले. त्यानंतर खाणकामगारांच्या जीवनावरील ‘ग्ल्यूकाउफ’ आणि क्रांतिपूर्व कामगारवर्गातील एका तरुणाची कहाणी सांगणारी ‘स्तेपान कोल्चुगिन’ ह्या कादंबऱ्या आल्या. १९३७ साली लेखक-संघाचे सभासदत्व मिळाले. ग्रोसमन ह्यांस जन्मापासूनचा बंडखोर ठरविण्याचा मोह टाळला पाहिजे. ह्या काळी ते सोव्हिएत राजवटीच्या चौकटीत राहून लिहिणारे, मान्यता पावलेले लेखक होते.

त्या चौकटीची धग मात्र त्यांच्या घरापर्यंत आली. १९३८ साली, म्हणजे स्टालिनच्या दडपशाहीचा कहर चालू असता, त्यांच्या पत्नी ओल्गा मिखाइलोव्हना ह्यांस अटक झाली. त्यांचे पूर्वीचे पती बोरिस गुबेर हे लेखक आधीच देहदंडास बळी पडले होते. गुबेर ह्यांची दोन मुले पोरकी होऊन सरकारी अनाथालयात जातील, हे पाहून ग्रोसमन ह्यांनी ती आपल्या पालकत्वाखाली घेतली आणि गुप्त पोलिसांचे प्रमुख येझोव्ह ह्यांस पत्र लिहून पत्नीच्या सुटकेची मागणी केली. त्या दिवसांत येझोव्हला असे पत्र लिहिणे म्हणजे आपण होऊन वाघाच्या गुहेशी जाणे होते. सुदैवाने पत्नीची सुटका झाली.

२२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले. ग्रोसमन ह्यांची आई त्या वेळी बेर्दिचेवलाच होती. तिला मॉस्कोस आणण्याचा विचार झाला होता, परंतु तो वेळेवर अमलात आला नाही. ७ जुलै रोजी बेर्दिचेव जर्मनांच्या हाती पडले, आणि १५ सप्टेंबर १९४१ रोजी गावाबाहेर नेऊन गोळ्या घातलेल्या हजारो ज्यूंमध्ये ह्या वृद्ध शिक्षिकेचा अंत झाला. आपण तिला वाचवू शकलो असतो, ही टोचणी मुलास जन्मभर पुरली. तिच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी आणि पुन्हा वीस वर्षांनी त्यांनी तिला उद्देशून पत्रे लिहिली. ती टाकावयास पत्ता उरलेला नव्हता.

प्रकृतीने स्थूल, दृष्टीने अधू आणि शस्त्र चालविण्याचा गंध नसलेले ग्रोसमन सैनिक म्हणून निरुपयोगीच ठरले असते. परंतु ‘क्रास्नाया झ्वेझ्दा’, म्हणजे ‘लाल तारा’, ह्या सैन्याच्या दैनिकाचे संपादक डेव्हिड ऑर्टेनबर्ग ह्यांनी त्यांस वार्ताहर म्हणून घेतले, आणि पुढे सुमारे एक हजार दिवस ते आघाडीवर राहिले. १९४१ च्या माघारीत ते यास्नाया पोल्याना येथे टॉलस्टॉयच्या घरी जाऊन आले. घरची मंडळी सामानसुमान बांधण्याच्या घाईत होती आणि थोड्याच दिवसांत तेथे जर्मन सेनापती गुडेरियनचा तळ पडला. टॉलस्टॉयच्या महाकादंबरीतील नेपोलियनच्या स्वारीचा प्रसंगच आपण पुन्हा पाहत आहोत, असे त्यांस वाटले. ‘युद्ध आणि शांतता’ हा ग्रंथ त्यांनी युद्धकाळात दोनदा वाचला. पुढे स्वतः लिहावयाच्या ग्रंथाचा आदर्श त्यांस तेथेच सापडला.

त्यांची वार्ताहराची पद्धती शिक्षकांनी मुद्दाम ध्यानात घेण्याजोगी आहे. समोरच्या माणसाशी बोलताना ते लिहीत नसत. वही निघाली की माणूस सावध होतो, मोजके बोलू लागतो. ते ऐकून घेत आणि मागाहून, बहुधा रात्री, आठवून सारे टिपून ठेवीत. गुर्त्येव्ह नावाचा एक सैबेरियन सेनापती अत्यंत अबोल म्हणून प्रसिद्ध होता. तो ग्रोसमन ह्यांच्याशी सलग सहा तास बोलत बसला आणि इतर वार्ताहर चकित झाले, अशी आठवण ऑर्टेनबर्ग ह्यांनी नमूद केली आहे. सेनापतींइतक्याच आस्थेने ते नेमबाज पोरांशी, परिचारिकांशी, नावाड्यांशी आणि खेड्यातील म्हाताऱ्यांशी बोलत.

स्टालिनग्राडहून त्यांनी पाठविलेल्या वृत्तलेखांची सैनिक वाट पाहत आणि खंदकांत त्यांचे सामुदायिक वाचन होई. गुर्त्येव्हच्या तुकडीवर त्यांनी नोव्हेंबर १९४२ मध्ये लिहिलेला ‘मुख्य आघाताच्या दिशेने’ हा लेख त्यांत सर्वाधिक गाजला. १९६७ साली मामायेव टेकडीवर जे विशाल स्मारक उभारले गेले, त्याच्या भिंतीवर ह्या लेखातील शब्द कोरले आहेत. परंतु ते लिहिणाराचे नाव तेथे कोरले गेले नाही. जो लेखक तोवर अधिकाऱ्यांच्या दृष्टीने अडचणीचा ठरला होता, त्याचे शब्द हवे होते आणि नाव नको होते.

ह्या छापील लेखांपलीकडे वहीतले जग निराळे होते. सेनापतींच्या आपसांतील हेव्यादाव्यांच्या, भेकडपणाच्या आरोपावरून स्वपक्षीयांनीच गोळी घातलेल्या सैनिकांच्या आणि पुढे जर्मनीत शिरल्यावर विजयी सैन्याने स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांच्या नोंदी त्या वह्यांत आहेत. वृत्तपत्रात त्यांतील काही येणे शक्य नव्हते. इंग्रजी वाचकांस ह्या टिपणांचा विस्तृत परिचय २००५ साली झाला.

हे अंतर ग्रोसमन ह्यांस सर्वाधिक जाणवले ते स्वतःच्या समाजाच्या संहाराविषयी लिहिताना. १९४३ साली मुक्त होत चाललेल्या युक्रेनमधून जाताना गावामागून गाव ज्यूंविना ओस पडलेले त्यांस दिसले. त्यावर लिहिलेला ‘युक्रेन ज्यूंविना’ हा लेख ‘लाल तारा’ने स्वीकारला नाही, तो यिद्दिश भाषेतील एका पत्रात आला. १९४४ मध्ये ते बेर्दिचेवला पोहोचले आणि आईच्या शेवटाचा वृत्तांत त्यांनी लोकांच्या तोंडून ऐकला. त्याच वर्षी पोलंडमधील त्रेब्लिंका येथील संहारछावणीच्या जागी जाऊन, वाचलेल्या थोड्या लोकांच्या, आसपासच्या शेतकऱ्यांच्या आणि पकडलेल्या पहारेकऱ्यांच्या जबान्या ऐकून त्यांनी ‘त्रेब्लिंकाचा नरक’ हा दीर्घ लेख सिद्ध केला. तो नोव्हेंबर १९४४ मध्ये ‘झ्नाम्या’ मासिकात आला आणि न्यूरेंबर्ग येथील खटल्याच्या वेळी पुराव्यादाखल वापरला गेला.

ह्या लेखासंबंधी इतिहासाच्या अभ्यासकाने एक गोष्ट निःसंकोचपणे सांगितली पाहिजे. आगगाड्यांची आणि डब्यांची संख्या धरून ग्रोसमन ह्यांनी तेथील बळींचा आकडा तीस लाखांच्या घरात नेला. आज अभ्यासक तो सुमारे आठ ते नऊ लाख मानतात. आकडा चुकला, परंतु बळींस फसविण्यासाठी उभारलेले खोटे रेल्वेस्थानक, वस्तू काढून घेण्याचा क्रम, माणसास पायरीपायरीने असहाय करण्याची ती थंड पद्धत, हे त्यांनी ज्या तपशिलाने मांडले त्यास पुढील संशोधनाने पुष्टीच दिली. साक्षीदार प्रामाणिक असला तरी त्याचे गणित चुकू शकते, आणि गणित चुकले म्हणून त्याची साक्ष टाकाऊ ठरत नाही. वर्गात साधनांची चिकित्सा शिकविताना ह्याहून चांगले उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाही.

इल्या एरेनबुर्ग ह्यांच्याबरोबर ग्रोसमन ह्यांनी सोव्हिएत भूमीवरील ज्यूसंहाराची साक्षी-पुराव्यांनिशी नोंद करणारे ‘काळे पुस्तक’ संपादित केले. १९४८ साली त्याची जुळविलेली छपाईच मोडून टाकण्यात आली. मृत सर्व सोव्हिएत नागरिक होते, त्यांत ज्यूंचा वेगळा उल्लेख नको, हे अधिकृत धोरण होते. त्याच वर्षीच्या जानेवारीत ज्यू फॅसिस्टविरोधी समितीचे अध्यक्ष, नटश्रेष्ठ मिखोएल्स ह्यांचा खून झाला आणि ऑगस्ट १९५२ मध्ये त्या समितीच्या अनेक सभासदांस देहदंड झाला.

अशा वातावरणात, अनेक वेळा कापछाट व पुनर्लेखन होऊन, स्टालिनग्राडवरील त्यांची पहिली मोठी कादंबरी ‘न्याय्य कार्यासाठी’ ही १९५२ साली त्वार्दोव्स्की ह्यांच्या ‘नोव्ही मीर’ मासिकात प्रसिद्ध झाली. प्रथम स्तुती झाली. १३ जानेवारी १९५३ रोजी ज्यू डॉक्टरांच्या तथाकथित कटाची घोषणा झाली आणि फेब्रुवारीत ‘प्राव्दा’ने कादंबरीवर कडाडून हल्ला चढविला. ह्याच दिवसांत, आरोपित डॉक्टरांस कडक शासन व्हावे अशा आशयाचे एक पत्र नामवंत ज्यूंच्या सह्यांसाठी फिरविण्यात आले. ग्रोसमन ह्यांनी त्यावर सही केली. काहींच्या बलिदानाने इतर वाचतील, असा विचार त्यांच्या मनात आला असावा. कारण काहीही असो, निरपराध माणसांविरुद्ध त्यांनी सही केली ही गोष्ट खरी. ५ मार्च १९५३ रोजी स्टालिनचा मृत्यू झाला, डॉक्टर सुटले आणि लेखकावरील संकट टळले. सही मात्र मनातून पुसली गेली नाही.

येथे ग्रोसमन ह्यांच्या थोरवीचे मर्म आहे, असे आम्ही मानतो. ‘जीवन आणि नियती’ ह्या पुढील कादंबरीचा नायक व्हिक्टर श्त्रुम हा पदार्थवैज्ञानिक आहे. अधिकारीवर्गाचा रोष ओढवून घेऊन तो ताठ उभा राहतो. मग एके दिवशी खुद्द स्टालिनचा दूरध्वनी येतो, सारी दारे उघडतात, मान मिळतो. आणि अशा सुखाच्या घडीला त्याच्यापुढे निरपराध डॉक्टरांना दोषी ठरविणारे एक पत्र सहीसाठी येते. दडपणापुढे न वाकलेला माणूस सन्मानापुढे वाकतो आणि सही करतो. लेखकाने आपले पातक नायकाच्या पदरी घातले, आणि त्यास कोणतीही सबब पुरविली नाही. श्त्रुमच्या आईने मृत्यूपूर्वी वस्तीच्या तारांआडून मुलास लिहिलेले पत्र हे ह्याच कादंबरीतील एक प्रकरण होय. जे पत्र येकातेरिना साव्हेल्येव्हना लिहू शकल्या नाहीत, ते मुलाने त्यांच्या वतीने लिहिले. ग्रंथही त्यांच्याच स्मृतीस अर्पण केला आहे.

वहीतील जे छापता आले नव्हते ते ह्या ग्रंथात आले. जर्मन छावणीत एक नाझी अधिकारी एका जुन्या बोल्शेव्हिक बंदिवानास सांगतो की, आपण एकमेकांकडे पाहतो तेव्हा आरशात पाहत असतो. स्टालिनग्राडमधील एका वेढलेल्या घरात मूठभर सैनिक शत्रूशी प्राणपणाने लढत असतात; परंतु ते मोकळेपणाने बोलतात, म्हणून त्यांना वठणीवर आणण्यास कमिसार धाडला जातो. आणि शेवटी, जर्मन कैद्यांकडे द्वेषाने पाहणारी एक स्त्री, स्वतःलाही न कळता, त्यांतील एकाच्या हाती भाकरीचा तुकडा ठेवते. कोणत्याही तत्त्वज्ञानाने न शिकविलेला हा साधा दयाभाव हाच माणसाचा अखेरचा आधार, हे कादंबरीचे सांगणे आहे.

१९६० च्या अखेरीस ग्रोसमन ह्यांनी हस्तलिखित ‘झ्नाम्या’ मासिकाकडे पाठविले. १४ फेब्रुवारी १९६१ रोजी गुप्त पोलीस त्यांच्या घरी आले. त्यांनी लेखकास अटक केली नाही, ग्रंथास केली. प्रती, टिपणे, कार्बन कागद आणि टंकलेखनयंत्राच्या फितीसुद्धा उचलून नेल्या. ह्याच १९६१ साली अण्णा भाऊ साठे रशियाच्या प्रवासास गेले आणि परतल्यावर त्यांनी त्या देशाविषयी आस्थेने लिहिले. ज्या नगरीचा पोवाडा त्यांनी गाइला, तिच्या साक्षीदाराचा ग्रंथ त्या वेळी कुलुपात होता. पाहुण्यास हे कळण्याचा मार्ग नव्हता.

ग्रोसमन ह्यांनी १९६२ मध्ये ख्रुश्चेव्ह ह्यांस पत्र लिहिले. आपल्या पुस्तकास स्वातंत्र्य द्यावे, एवढेच त्यांचे मागणे होते. जुलैमध्ये पक्षाचे तत्त्वरक्षक सुस्लोव्ह ह्यांनी त्यांस भेटीस बोलाविले. हा ग्रंथ आणखी दोनतीनशे वर्षे छापता येणार नाही, अशा आशयाचे उत्तर तेथे मिळाल्याचे सांगतात. ह्या निर्णयातही वाङ्मयाच्या सामर्थ्याची एक कबुली होती.

उरलेल्या काळात त्यांनी लेखणी ठेविली नाही. एका आर्मेनियन कादंबरीच्या रशियन भाषांतराच्या निमित्ताने त्या देशात राहून त्यांनी एक सुंदर प्रवासवृत्त लिहिले. ज्यूंच्या दुःखाविषयी आर्मेनियन खेडुतांनी दाखविलेल्या सहानुभूतीच्या थोड्या ओळी गाळण्याची अट पडताच त्यांनी ते छापावयाचे नाकारले. १९५३ साली ज्या हाताने सही केली, त्याच हाताने हा नकार लिहिला. ‘सारे काही वाहते आहे’ ह्या अखेरच्या कादंबरीत १९३२-३३ च्या युक्रेनमधील दुष्काळाचे, म्हणजे सरकारी धान्यवसुलीने ओढवलेल्या उपासमारीचे, वर्णन आहे. १४ सप्टेंबर १९६४ रोजी कर्करोगाने त्यांचा अंत झाला. दुसऱ्या दिवशी आईच्या हत्येस २३ वर्षे पूर्ण होत होती.

ग्रंथ मात्र वाचला होता. कवी सेम्योन लिपकिन ह्यांनी एक प्रत जपली होती आणि दुसरी लोबोदा ह्या मित्राकडे होती. साखारोव्ह व व्होइनोविच प्रभृतींच्या साहाय्याने सूक्ष्मपटावर उतरवून ती परदेशी गेली आणि १९८० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ‘जीवन आणि नियती’ प्रथम प्रकाशित झाली. इंग्रजी भाषांतर १९८५ मध्ये निघाले. खुद्द रशियात १९८८ साली ‘ओक्त्याब्र’ मासिकाने ती छापली, आणि २०१३ साली जप्त केलेले कागद गुप्तचर खात्याने सरकारी वाङ्मय-दप्तरखान्याच्या स्वाधीन केले. दोनतीनशे वर्षांचे भाकीत तीस वर्षेही टिकले नाही.

ह्या कादंबरीत दोष नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. पात्रांची गर्दी मोठी आहे, काही प्रकरणे निबंधासारखी वाटतात, आणि टॉलस्टॉयचे वळण पदोपदी दिसते. तिला शीतयुद्धातील एका पक्षाचे हत्यार बनविण्याचा मोहही अनेकांस पडला. परंतु राजवटीचा अन्याय सांगणाऱ्या ह्याच ग्रंथात सामान्य रशियन सैनिकाच्या शौर्याचा जो गौरव आहे, तो सरकारी इतिहासांतही क्वचित आढळतो. दोन्ही गोष्टी ग्रोसमन ह्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या, म्हणून एकीसाठी दुसरी झाकण्याची गरज त्यांस वाटली नाही.

आमच्या शिक्षकबंधूंस एवढेच सुचवावेसे वाटते. स्टालिनग्राडचा पाठ शिकविताना अण्णा भाऊंचा पोवाडा अवश्य म्हणून दाखवावा. त्यातील आवेश खरा आहे, आणि दूरच्या अनोळखी माणसांविषयी वाटलेली आपुलकीही खरी आहे. मग त्याच्या शेजारी त्या स्त्रीने कैद्यास दिलेल्या भाकरीची गोष्ट सांगावी, आणि ती लिहिणाराच्या टिपणवहीचीही. विजय कसा मिळाला हे मुलांस पोवाड्याने कळेल; त्याची किंमत कोणी दिली, हे विचारण्याची सवय त्यांस ग्रोसमन लावतील.